लाल रेघेपर्यंत पाणी

“मिस्त्री, शाळेचा हौद पुरन ना? तीन फुटाचं हाय आपलं जहाज.”

सकाळी नऊ वाजता केशवरावांचा फोन. मी दाराच्या फळीला रंधा मारत होतो. मला एवढंच माहीत होतं, की म्हाताऱ्याचं जहाज शाळेच्या काचेच्या कपाटात ठेवायचं आहे.

“हौद कायले जी?”

“लेका, जहाज कायसाठी असते? पान्यात सोडाले! सव्वीस जानेवारीले, झेंडावंदन झालं की. साऱ्या गावाले सांगून ठेवलं मी.”

फोन ठेवला, रंधा पण ठेवला. जहाज तयारच होतं, रंग सुकला होता. उचलून मागच्या अंगणात नेलं आणि म्हशीच्या टाक्यात सोडलं. तीन आकडे मोजेपर्यंत उभं राहिलं. मग डाव्या अंगाला कललं आणि पोट वर करून पालथं झालं.

त्या दिवशी तेवीस तारीख होती.

मी देविदास मिस्त्री. वऱ्हाडातल्या मालेगावात, वाशीम रोडवर घराला लागूनच माझं सुतारकामाचं दुकान आहे. दारं, चौकटी, दिवाण हे बारा महिने. पोळ्याच्या आधी मात्र दोन महिने फक्त लाकडी नंदी. आमच्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा असतो. चाकावरचा लाकडी बैल दोरीनं ओढत पोरं घरोघरी फिरतात. नंदी दिसायला दांडगा आणि ओढायला हलका पाहिजे, नाहीतर पोरगं रस्त्यातच भोकाड पसरतं. म्हणून मी नंदीचं पोट आतून कोरतो. इतकं कोरतो की चार वर्षांची पोरगी एका हातानं ओढत नेईल. तालुक्यात माझं नाव आहे ते या हलकेपणासाठी. वजन दिसलं की माझा हात शिवशिवतो, आणि इथं घात झाला तो त्याच्यानंच.

केशवराव वीस वर्षं नेव्हीत होते, एकाच युद्धनौकेवर. पेन्शन घेऊन गावी आले. गाव मालेगावपासून मोटारसायकलनं अर्ध्या तासावर. नोकरीत असतानाच सुट्टीच्या वेळात त्यांनी त्या नौकेचं मॉडेल हातानं बनवलं होतं. लाकडाच्या फासळ्या, त्यांच्यावर तेलाच्या पिप्याचा पत्रा डाख देऊन जोडलेला. सायकलच्या आऱ्यांचे कठडे आणि पेनाच्या नळ्यांच्या तोफा. खरं सांगतो, एवढं बारीक काम मला जमलं नसतं.

पण गावात आणलं त्याच वर्षी माळ्यावर सोयाबीनचं पोतं त्याच्यावर पडलं. पत्रा फाटला, डोलकाठी मोडली. जहाज माळ्यावर पडलं ते पडलंच.

आता गावात पाणी म्हणजे विहीर, नाला आणि शेततळं. समुद्र पाहिलेले केशवराव एकटेच. पारावर बसून ते सांगायचे, हजारो टन लोखंड पाण्यावर चालते, मी त्याच्यावर झोपलोय. त्यांचे शेजारी शालिकराम हे पक्के कास्तकार. ते म्हणायचे, “नेव्हीवाले, माह्या नांगराचा फाळ तरंगवून दाखवा, मंग मानतो.” सगळा पार हसायचा. एक-दोन वर्षं नाही, जन्मभर हसला. केशवराव निघून गेले की मागून म्हणायचे, फेकून राह्यला म्हातारा.

दिवाळीनंतर ते जहाज गोणपाटात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले. गावच्या शाळेनं काचेच्या कपाटात ठेवायचं कबूल केलं होतं.

“हात थरथरतात माहे,” ते म्हणाले, “नाही तं तुह्याकडं आलोच नसतो. रंग कोनताही मार. पन ही लाल रेघ पाह्य. ही एक सूतभरही हलली नाही पाह्यजे.”

पोटाच्या बाजूला लाल आणि वर करडा, अशा दोन रंगांच्या मधली ती रेघ. सूत म्हणजे आमच्या मापात इंचाचा आठवा भाग. मला ती शोभेची वाटली. तरी पेन्सिलनं खुणा करून, टेप लावून, जिथल्या तिथं ओढली. ती हलवली असती तर पुढचं काहीच जमलं नसतं.

बाकी काम मी मन लावून केलं. डेक म्हणजे जहाजाचं वरचं झाकण. ते उघडलं, पत्र्याचे पोचे आतून ठोकून काढले, भोकांना डाख दिला. किडलेल्या फासळ्या काढून सावरीच्या हलक्या लाकडाच्या बसवल्या. तळाशी डांबरात बसवलेले शिशाचे काळे ठोकळे होते, दोन-अडीच किलोचे. मी म्हटलं, गळती बुजवायला म्हाताऱ्यानं काहीतरी ओतलेलं दिसतंय. छिन्नीनं सगळे उपटले आणि जुन्या कडी-कोयंड्यांसोबत भंगारवाल्याला देऊन टाकले. मग डेक वॉटरप्रूफ गोंदानं पक्का केला. जहाज एका हातानं उचललं आणि स्वतःवरच खूश झालो. वा रे देविदास, नंदीपेक्षा हलकं!

आता तेच जहाज म्हशीच्या टाक्यात पालथं पडलं होतं. म्हैस त्याच्याकडे बघत होती आणि मी म्हशीकडे. तेव्हा कुठं ते शिसं कशासाठी होतं ते डोक्यात शिरलं.

तसाच गाडी काढून भंगारवाल्याकडे गेलो. “तो माल तं कवाच अकोल्याले गेला, मिस्त्री. आतापर्यंत आटलाही असन.”

घरी आलो. ताटातलं काही गोड लागेना. बायको म्हणाली, “फोन करून खरं सांगून टाका ना. मानूस काय खाते का तुमाले?”

तिचं बरोबर होतं. दोनदा नंबर लावला, दोनदा कट केला. मला भीती वाटत होती. त्यांच्या रागावण्याची नाही, ते गप्प बसतील याची. ज्या गोष्टीवर गाव आयुष्यभर हसलं, ती खरी करून दाखवायला माणसाला एक दिवस मिळाला होता आणि तो मी छिन्नीनं उपटून भंगारात घातला होता.

दुपारी शेजारच्या टायरच्या दुकानातले रशीदभाई चहाला आले. ते वीस वर्षांपासून व्हील बॅलन्सिंग करतात. चाक गरागरा फिरवायचं, कोणती बाजू हलकी ते पाहायचं आणि त्या बाजूला रिमवर शिशाचं छोटं वजन बसवायचं. चाक थरथरायचं थांबतं. मी त्यांना सगळं सांगितलं. ते आधी पोट धरून हसले, मग टाक्याजवळ उकिडवे बसले.

“मिस्त्री, ये भी तो बॅलन्सिंगच आहे. फक्त चाक नाही, एवढंच. पन वजन किती पाह्यजे, हे कसं कळन तुमाले?”

मी जहाज पाण्यावर सरळ धरून पाहत होतो. लाल रंगाचा चार बोटं पट्टा पाण्याच्या वर कोरडा होता. आणि डोक्यात लख्खकन आलं. म्हातारा रेघेसाठी का एवढा अडून बसला होता! पाणी जिथपर्यंत यायला पाहिजे, तिथं ती रेघ होती. माप त्यानं जहाजावरच लिहून ठेवलं होतं. वाचता मलाच आलं नव्हतं.

रशीदभाईंनी दुकानातून पत्र्याचा डबा आणला. गाड्यांच्या चाकांवरून काढलेली जुनी वजनं त्यात भरलेली. आधी डेक उघडायचा नाही, असं ठरलं. वजनं तळाला बाहेरूनच टेपनं चिकटवायची, जागा सापडली की मग आत घालायची. संध्याकाळपर्यंत तेच चाललं. मागं चिकटवलं की नाक वर, पुढं चिकटवलं की शेपूट वर. बरोबर मधोमध लावलं तरी डावीकडे झुकायचं, कारण माझा एक डाख जाड झाला होता. शेवटी लाल पट्टा चारी बाजूंनी पाण्यात गेला आणि जहाज उभं राहिलं. बोटानं ढकललं, कललं आणि परत आलं. मी प्रत्येक वजनाची जागा कागदावर काढून घेतली. केशवरावांच्या शिशापेक्षा अर्धा किलो जास्तच लागलं, कारण फासळ्याही मीच हलक्या केल्या होत्या.

खरा घोर पुढंच होता. डेक पक्का बसला होता. चोवीस तारखेचा सगळा दिवस मी गरम केलेल्या पातळ सुरीनं गोंद कापत होतो, बोट बोट करून. एक तोफ तुटली. त्या तुटलेल्या नळीवर केशवरावांच्या कानशीचे ओरखडे होते. मी ती हातात घेऊन किती वेळ बसलो कोण जाणे. पंचवीसला दुपारी कागदाप्रमाणे वजनं आत बसवली, तोफ जोडली, डेक परत चिकटवला. गोंदाच्या डब्यावर लिहिलं होतं, पाण्यात घालण्याआधी चोवीस तास वाळू द्या. माझ्याकडे वीस पण नव्हते.

सव्वीसला झेंडावंदन झालं, पोरांना बुंदी वाटली आणि सगळं गाव हौदाभोवती जमलं. माझं लक्ष डेकच्या जोडाकडे. केशवरावांनी जुना ब्लेझर घातला होता. त्यांनी थरथरत्या हातांनी जहाज माझ्याकडून घेतलं आणि एकदम थांबले. हात थोडे वरखाली केले.

“मिस्त्री,” ते हळूच म्हणाले. “हे माह्यं शिसं नाही.”

“नाही जी. चुकलो मी. आतली घाण समजून काढून टाकलं. हे गाड्याच्या चाकाचं आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “रेघीवर येते का?”

“येते जी.”

“चारीकून?”

“चारीकून.”

“मंग धर दुसऱ्या बाजूनं.”

आम्ही दोघांनी मिळून ते पाण्यावर ठेवलं आणि हात काढले. जहाज डावीकडे कललं. मग ते सावकाश परत आलं आणि उभं राहिलं. पाणी बरोबर रेघेला टेकलं होतं. पोरांनी एकच गिल्ला केला.

शालिकराम पुढे आले. “त्यात काय मोठं? पत्र्याचा रिकामा डबा हाय. रिकामा डबा तं तरंगतेच.”

“उचलून पाह्य,” केशवराव म्हणाले.

शालिकरामांनी हसत एक हात घातला. मग दुसरा घातला. चेहऱ्यावरचं हसू गेलं. “अबे, हे तं लय जड हाय!”

“तुह्या फाळापेक्षा?”

शालिकरामांनी एका पोराला पळत घरी पाठवून खरंच फाळ आणवला. त्यांनी एका हातात फाळ तोलला, जहाज आधी तोललंच होतं. फाळच हलका निघाला. त्यांनी तो पाण्यात सोडला. डुबुक! फाळ तळाला गेला. त्याच्या लाटेनं जहाज दोनदा डुललं आणि जाग्यावर उभं राहिलं. या खेपेला गाव हसलं, पण केशवरावांना नाही. शालिकराम बाही वर करून हौदाच्या तळाशी फाळ चाचपत होते आणि ते पण हसत होते.

मी हलकं करून ठेवलेलं जहाज चुकून तरंगलं जरी असतं, तरी तो रिकामा डबाच ठरला असता. हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

गर्दी पांगल्यावर केशवराव पायरीवर बसले. “माह्यं शिसं कुठी गेलं रे?”

“भंगारात गेलं जी. अकोल्याले.”

ते म्हणाले, “ते शिसं आमच्या नेव्हीच्या जहाजाचंच होतं. दुरुस्तीत काढलेलं, साहेबाले मागून घेतलं होतं मी. पुढं ते जहाजही तोडलं अन् भंगारात देल्लं.” मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “आता तेही गेलं त्याच्या मागं. जाऊ दे. पन पुढच्या खेपी विचारत जाजो.”

मला रडू आलं. मी लपवलंही नाही.

आता दुकानात कोणाची जुनी वस्तू आली की मी आधी तिच्या मालकाला बसवतो, चहा सांगतो आणि आत काय काय आहे ते एकेक करून विचारतो. गिऱ्हाईक कंटाळतं. म्हणतं, मिस्त्री, तुमी काम कमी करता, चौकशाच लय करता. मी म्हणतो, हो जी, आणि पुढचा प्रश्न विचारतो.