डावा हात मऊ, उजवा खरखरीत

मालवणच्या बाजारात मासळीबाजाराकडे उतरणाऱ्या गल्लीत जहिराचं काकणांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक ओटा, मागे भिंतभर लाकडी दांड्या आणि त्यांवर रंगारंगाने ओवलेल्या काचेच्या बांगड्या. सासूने सुरू केलेलं हे दुकान जहिरा लग्न होऊन आली तेव्हापासून सांभाळते. आता तिची साठी उलटली. समोर बाई येऊन बसली, तिने हात पुढे केला, की जहिरा तिची बोटं एकत्र जुळवून एकदाच हलकेच दाबते आणि न विचारता मापाचा जोड काढते. माणसांचे चेहरे ती विसरते, हात विसरत नाही. वर्षभराने आलेल्या गिऱ्हाइकाला ती सहज विचारते, "तुजो डावो हात मोडललो, तो आता बरो मां?" बाई चकित होते. जहिराला त्यात विशेष काही वाटत नाही.

एवढे हात हाताळले, पण स्वतःच्या हातांकडे तिने कधी निरखून बघितलं नव्हतं. ती वेळ आली मसुरे गावात, संचिताच्या चुड्याच्या दिवशी.

संचिताच्या घरी तीन पिढ्यांचे चुडे जहिराच्याच घरातून भरलेले. त्यामुळे लग्नाच्या आदल्या दिवशी ती सकाळच्या एसटीने मसुऱ्याला गेली. पडवीत चादर अंथरून तिने हिरव्या बांगड्या मांडल्या, साबणाचा फेस केलेली वाटी शेजारी ठेवली आणि नवरीचा हात हातात घेतला. बायका भोवती दाटीवाटीने बसल्या होत्या. एकेक काकण चढत होतं. निम्मा चुडा भरून झाला असेल, तेवढ्यात जहिराच्या उजव्या अंगठ्याची नखाजवळची जुनी भेग फाटली आणि रक्ताचा एक थेंब नवरीच्या पिवळ्या साडीच्या काठावर पडला.

"अगो बाये, रगत!" नवरीची मावशी ओरडली. "ऐन चुड्याक रगत? काय म्हणूचा ह्येका?"

जहिराने हात झटकन ओढणीत लपवला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"मावशी, गप रव गो," संचिता म्हणाली. "लागला चाचीक, आणि वरडतस तू." मग जहिराकडे वळून तिने अगदी सरळपणे विचारलं, "चाची, तुमचे हात असे कशान झाले?"

प्रश्नात टोमणा नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला.

"आण बगू तो हात हयसर," दाराजवळच्या खुर्चीतून आवाज आला. संचिताची आजी राधाबाई. वय नव्वदीच्या घरात, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, त्यामुळे ती बरंचसं जग चाचपडूनच बघायची. जहिरा उठून तिच्यापाशी गेली. म्हातारीने तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि भेगेच्या कडेने बोट फिरवलं.

त्या क्षणी जहिरा रक्त विसरली, मावशीलाही विसरली. तिचा हात धरणारे ते हातच काहीतरी वेगळे होते. वरून बघितलं तर म्हातारीचेच: शिरा वर आलेल्या, कातडी सैल, तपकिरी डाग. पण तळवा मऊसूत. बोटांच्या टोकांना कुठे म्हणून खडबडीतपणा नाही, नखं आखूड आणि स्वच्छ. असा तळवा जहिराला शाळेत जाणाऱ्या मुलींच्या हातांत सापडायचा. आणि ही बाई तर जन्मभर चिखलात भात लावत आलेली. परसातलं तिचं शेत जहिराने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं.

अंगठ्याला चिंधी बांधून तिने चुडा पुरा केला. परतीच्या एसटीत मात्र खिडकीबाहेर काय चाललंय याकडे तिचं लक्ष नव्हतं. हे कसं काय? एवढंच डोक्यात घोळत होतं.

घरी सून इल्माने अंगठा बघितला आणि आपली क्रीमची ट्यूब आणून दिली. "अम्मी, ही लावा. म्हागाची आसा." क्रीमला गुलाबाचा वास होता. जहिरा सकाळी ती चोपडून दुकानात जायची, दुपारपर्यंत वास उडायचा आणि हात पुन्हा पहिल्यासारखे. ओढणीचा धागा बोटांत अडकला की ती आता चरकायची.

मग ती गिऱ्हाइकांचे हात वेगळ्या नजरेने बघू लागली. आजवर तिला फक्त माप दिसायचं, आता कातडी दिसायला लागली. मासे कापणाऱ्या मथुरेची बोटं पाण्याने सुरकुतलेली, पण भेग एकही नाही. हे कसं? शाळेतल्या बाईंची बोटं खडूने कोरडीठाक. जहिरा सगळ्यांना विचारायची, काय लावता, काय खाता, भांडी कशाने घासता? राधाबाईच्या हातांबद्दलही विचारून झालं. कोणी म्हणालं, अंगच तसं असतं एकेकीचं. कोणी म्हणालं, घरात गडीमाणसं असतील. यातलं एकही उत्तर तिला पटेना.

शेवटी बाजार ढिला असतो अशा एका दिवशी तिने दुकानावर इल्माला बसवलं आणि मसुरं गाठलं. निमित्त होतं चुड्यातली दोन जादा काकणं द्यायची राहिली याचं.

राधाबाईने काकणं मांडीवर ठेवली आणि ती हसली. "दोन काकणांसाठी कोण येता गो एवढ्या लांब? खरा काय ता सांग."

"तुमचे हात बगूक आयलंय, आये," जहिराने कबूल केलं. "त्या दिवसापासून डोक्यातसून जायत नाय."

म्हातारीने काकणं मांडीवरून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मी सुईण होतंय. तुका म्हायत नाय?"

जहिराला माहीत नव्हतं.

"माझी सासू सुईण. तिच्या मागसून मी. ह्या पंचक्रोशीत कितकी पोरां ह्या हातांत इली, तुमच्या मोहल्ल्यातली पण. सासू सांगी, पयले हात सांबाळ, मगे बाकीचा शिक. जल्मल्या पोराची कातडी म्हणजे दुधावरची साय. खरखरीत बोट लागला तर वळ उठता. आणि बाळंतिणीक तर आधीच दुखता, तिका आणखी कित्या दुखवूचा? लावणी चालू आसताना बोलावूक येयत. चिखल धुवून तशीच जाय मी. पण हात फुटलेले आसले तर सासू दारातसूनच मागे फिरवी."

"पण लावतास काय?"

राधाबाई काठी टेकत मागीलदारी गेली. तिने हात पाण्याने धुतले, नुसते झटकले, पुसले नाहीत. कोनाड्यातून तिने पिवळसर गोळा काढला, मुठीत दाबून वळलेला, बोटांचे ठसे तसेच. कोकमाच्या बियांचं घट्ट तेल ते, मुठेल. ओल्या तळव्यांत चोळल्यावर ते विरघळू लागलं. तिने एकेक बोट, नखाची कड, मनगटापर्यंत सगळं सावकाश चोळलं, एखाद्या तान्ह्याला न्हाऊ घालावं तसं.

"वले आसतानाच लावूचा. सुके करून लायलंस तर वरच्यावर रवता. धुतलंस काय लाव, धुतलंस काय लाव. ह्याच औशद."

"मुठेल?" जहिरा निराश झाली. "ता माझ्या घरात पण आसा. पायाच्या भेगांक लायतंय मी."

"पायाक लायतस, आणि हातांनी काय पाप केला?"

जहिराला हसू आलं. परत येताना बाजारातून तिने मुठेलचा ताजा गोळा घेतला.

त्या दिवसापासून हात धुतले की मुठेल, असं सुरू झालं. दुकानात, चुलीपाशी, विहिरीवर तिने एकेक तुकडा ठेवून दिला. इल्मा थट्टा करायची, "अम्मी, अंगाक कोकमाच्या सारासारखो वास येता." जहिराने लक्ष दिलं नाही. काही आठवड्यांनी डावा हात खरोखरच निवळला. कातडीवरच्या पांढऱ्या रेघोट्या गेल्या, नखाभोवतीची सालं बसली. उजव्या हाताचा तळवाही सुधारला. पण उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं होती तशीच, खरखरीत, भेग उघडी.

इथे जहिराची झोपच उडायची बाकी राहिली. दोन्ही हात एकाच बाईचे. वय एक, तेल एक. मग डाव्याला गुण आणि उजव्याला नाही? उजवा जास्त राबतो म्हणावं, तर धुणंभांडी दोन्ही हातांनी होतात. आणि राबतो तर सगळा हात राबतो, तीनच बोटं का रुसली?

दुसऱ्या दिवशी ती दुकानात बसली ती स्वतःवर पाळत ठेवून. चहाचा कप कोणत्या हाताने धरते, सुतळी कोणत्या बोटांनी सोडते, सगळं बघत होती. दुपारी पहिलं गिऱ्हाईक आलं. जहिराच्या डाव्या हाताने बाईचं मनगट धरलं आणि उजवा हात आपसूक शेजारच्या साबणाच्या वाटीकडे गेला. अंगठा आणि दोन बोटं फेसात बुडाली.

ती तशीच थांबली. बोटं वाटीत, नजर बोटांवर.

"चाची, काय झाला?" समोरची बाई घाबरली.

"काय नाय गो. गावला माका!"

लग्न होऊन आल्यापासून रोज दिवसभर तीच तीन बोटं साबणात. वरून कितीही मुठेल चोळलं तरी पुढच्या गिऱ्हाइकाला सगळं धुवून जाणार.

संध्याकाळी तिने इल्माला हे सांगितलं. इल्माला पटलं, पण तिने लगेच अडचण काढली. "साबण नाय तर काकण चढतला कसा?" तिने मोबाइलवर एक व्हिडिओ शोधला. त्यात हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बांगडी सरकवत होते. जहिराने दुसऱ्या दिवशी ते करून बघितलं. गिऱ्हाइकाला पिशवीच्या गुदगुल्या झाल्या, तिने हसताना हात हिसकला आणि बांगडी फुटली. शिवाय पिशवीतून हाड कुठे आहे तेच कळेना. जहिराने पिशवी टाकून दिली.

मग तिने मुठेल थोड्या खोबरेल तेलात पातळ केलं. पहिल्या दिवशी ते जास्त झालं. काकणं तिच्याच हातातून निसटून ओट्यावर पडली, अख्खा जोड गेला. पुढे तिला अंदाज आला. गिऱ्हाइकाच्या बोटांच्या सांध्यांवर बोटभर तेल पुरे, चढवून झालं की जुन्या मलमलीने पुसायचं. काही बायकांना ते आवडलं नाही, साडीला डाग पडेल म्हणून. त्यांच्यासाठी साबणाची वाटी राहिली, पण फेस आता त्यांनी आपल्या हाताने आपल्या हाताला लावायचा. बाकीच्या मात्र तेल चोळून घ्यायला म्हणून दोन मिनिटं जास्त बसू लागल्या.

चतुर्थीच्या गर्दीत जहिराच्या लक्षात आलं की अंगठ्याची भेग मिटली आहे. कधी मिटली ते तिलाही सांगता आलं नसतं.

सण आटोपल्यावर ती पुन्हा मसुऱ्याला गेली. या वेळी निमित्त शोधलं नाही. राधाबाईने दोन्ही हात चाचपले, एकेक बोट करून, सावकाश. "उजवो अजून वायच खरखरीत आसा," ती म्हणाली. "पण बरो आसा. आता पोर घेवक दिलंय असतंय तुका."

"आणि हे डाग?" जहिराने हाताची पाठ पुढे केली. "ह्येच्यार काय?"

"त्येका माझ्याकडे काय नाय बाये. माझे बग, तुझ्यापेक्षा जास्त आसत." मग म्हातारी पुढे वाकली. "आता तू माका सांग. इतक्या वर्सांत कोणाक इचारूचा रवला. एवढ्या ल्हान काकणातसून एवढो मोठो हात जाता कसो?"

जहिराने पिशवीतून एक काकण काढलं आणि आपलाच डावा हात तिच्या मांडीवर ठेवला. राधाबाईची बोटं धरून तिने दाखवलं. अंगठा आत मुडपायचा, करंगळीकडची बाजू आधी, मग हात थोडा फिरवायचा, दाबायचं नाही.

राधाबाईने एकदा चाचपून बघितलं आणि ती खुदकन हसली. "अगो, पोराचे खांदे असेच काडतत! आधी एक, मगे वायच फिरवन दुसरो. जोर करूचो नाय."

"बगा मगे करून."

म्हातारीने डोळे मिटले, जहिराच्या हाताचं हाड शोधलं, अंगठा मुडपला आणि काकण फिरवत पुढे नेलं. सांध्यापाशी ते अडलं. ती थांबली, श्वास सोडला, पुन्हा थोडं फिरवलं. काकण मनगटावर उतरलं, आणि दोघी त्याकडे बघत राहिल्या, एक डोळ्यांनी आणि एक बोटांनी.