हातातून हातात

चाचांनी पार्सल कधी वॉचमनकडे ठेवलं नाही. ज्याचं त्याच्या हातात द्यायचे आणि तिथूनच पाठवणाऱ्याला फोन लावून घेणाऱ्याकडून वदवून घ्यायचे, "मिळालं. फुटलं नाही." आत नुसत्या शेवया असल्या तरी तेच.

अमिरातीत अल ऐन ते दुबईजवळचं जबल अली अशी गाडी आम्हा रत्नागिरीकरांत पहिल्यांदा त्यांनी काढली. तेव्हा कामगारांच्या कॅम्पपर्यंत कुणी कुरियर येत नसे. मिनीबसमध्ये पुढे माणसं, मागे डबे, औषधं, चपला. ब्रेक लागला की चाचा आधी मागे बघत. माणसं कुरकुरली तर म्हणायचे, "तुम्हाला तोंड आहे, रस्ता चुकलात तर विचाराल. सामानाला कुठं तोंड आहे?"

आमच्या घरात कॉलेज केलेली मी पहिली. हे मी न विचारताही सांगते. डिग्री हातात आली तेव्हा अब्बा अल ऐनला हॉस्पिटलमध्ये होते आणि जबल अलीत माझ्या नोकरीचा पहिलाच आठवडा होता. डिग्री काचेच्या फ्रेममध्ये घालून चाचांकडे दिली. हॉस्पिटलच्या काउंटरवरचा माणूस "इथे ठेवून जा" म्हणाला. चाचा भेटीची वेळ होईपर्यंत फ्रेम मांडीवर घेऊन बसून राहिले. मग फोन आला. अब्बांचा आवाज बसलेला होता. "मिळालं, बेटा. फुटलं नाही."

पुढे चाचांची नजर अधू झाली. लायसन्स गेलं, गाडी विकली. "खलास," म्हणाले, "आता गावाला जातो." चाची गावीच होत्या. एकट्याने विमानाने जायचं होतं आणि समोरचा चेहराही त्यांना ओळखू येत नव्हता. मी व्हीलचेअर सांगितली, तर एअरपोर्टवर भडकले.

"मला तोंड आहे. विचारत विचारत जाईन!"

"चाचा, आज तुम्ही सामान आहात. गप बसा."

ते हसले. मग खुर्ची ढकलणाऱ्या मुलाचा हात चाचपून धरला आणि मला विचारलं, "मुंबईत कुणाच्या हातात?"

"तुमच्या पुतण्याच्या. तो गाडीने थेट घरी पोचवेल, चाचींच्या हातात."

"मग ठीक. यल्ला, चला."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात होते, पण लक्ष सगळं फोनकडे. दुपारी तो वाजला. पलीकडे चाची, आणि त्यांच्या मागून चाचांचा दरडावणारा आवाज, "तसं नाही, नीट बोल!"

चाची हसू दाबत म्हणाल्या, "मिळालं गो बाय. फुटलं नाही."