पायांची चौकशी

मालिनीबाय पहिल्यांदा आमच्या घरी आल्या, तेव्हा आत येण्याआधी दोन मिनिटं पायरीवरच उभ्या राहिल्या. चपला काढून त्यांनी पायांची बोटं एकेक करून उचलली आणि पुन्हा लादीवर टेकवली. मला वाटलं, काटा मोडला. मी लगबगीने आतून सुई घेऊन आलो. त्यांनी सुईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "काटो ना, काका. मांद्र्यासून दोन बसी बदलून आयलें. आंग पावलां, पाय पावले काय ना तें पळयता." म्हणजे अंग पोचलं होतं, पाय पोचले की नाही ते त्या बघत होत्या.

मी सुई शर्टाच्या खिशात टाकली. संध्याकाळी ती मलाच टोचली, पण तो विषय वेगळा.

त्या आल्या होत्या तनूसाठी. तनू म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची. कारापूरच्या तिठ्यावर एका टिपर ट्रकने भावाच्या स्कूटरला धडक दिली. भाऊ जागीच गेला. मागे बसलेल्या तनूचा फक्त गुडघा खरचटला. जो तो म्हणायचा, देवाने पोरीला वाचवलं. पण वाचून घरी आलेली तनू फाटकाबाहेर पाऊल टाकीना. रस्त्यावर हॉर्न वाजला की ती मेजाखाली शिरायची आणि तिथे डोळे उघडे ठेवून लाकडासारखी पडून राहायची. शाळा सुटली. साखळीच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं, हाडं धड आहेत म्हणाले, आणि एका कागदावर मालिनीबायचं नाव लिहून दिलं. त्या मुंबईच्या इस्पितळात लोकांकडून व्यायाम करून घेण्याचं काम करायच्या. निवृत्त झाल्यावर माहेरी मांद्र्याला आल्या आणि घाबरलेल्या मुलांच्या मागे लागल्या.

आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. बारसं असो, बारावं असो, ओसरीवर मीच बोलतो आणि बाकीचे सुटकेची वाट बघतात. त्यामुळे तनूला बरं करणं हे माझंच काम, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी तिला रोज दोन गोष्टी सांगायचो. ती ऐकायची, कधी हसायचीसुद्धा. मग रस्त्यावरून एखादी गाडी हॉर्न देत जायची आणि माझा एकुलता एक श्रोता मेजाखाली. शेवटी मी तिला म्हणू लागलो, त्या दिवशी काय झालं ते सांग बघू, मन मोकळं कर.

हे मी मालिनीबायसमोर म्हटलं, ते शेवटचंच. त्यांनी मला अंगणात नेलं आणि आवाज न चढवता सांगितलं, "तुमची गजाल बरी आसा. पूण गजाल कानांत वता. भंय तिच्या पोटऱ्यांनी बसला. थंय तुमचो आवाज पावना." माझ्या गोष्टी कानापलीकडे पोचत नाहीत, इतकं खरं याआधी फक्त माझी बायको बोलली होती.

त्यांनी तनूला त्या दिवसाबद्दल एका शब्दानेही विचारलं नाही. विचारायच्या ते एवढंच, "तनू, पाय खंय आसत गो?" पाय कुठे आहेत, बस. मेजाखालून पहिल्यांदा उत्तर यायला तीन आठवडे लागले. तोवर मालिनीबाय मेजाशेजारी जमिनीवर बसून तांदूळ भरून शिवलेली लांब पिशवी आधी स्वतःच्या मांडीवर ठेवायच्या, मग हळूच तिच्याकडे सरकवायच्या. एके दिवशी तनूने ती पिशवी ओढून पोटऱ्यांवर घेतली आणि म्हणाली, "हांगा आसत." इथे आहेत. तिची आई, सरिता, स्वयंपाकघरात वाटणाच्या दगडी रगड्यावर दोन्ही हात टेकून रडली.

त्याआधी आम्ही गावच्या राखणदार देवाला सांगणं केलं होतं, गाऱ्हाणं घालून सुरो, म्हणजे दारू, आणि जाड भाकरीचा रोट ठेवला होता. शिकलेली बाई हसेल म्हणून मी ते लपवत होतो. त्यांनीच विचारलं आणि मान डोलावली. "भायल्या राखणदाराक तुमी दिलां, बरें केलां. आता भितरल्याक पळोवया." मग त्यांनी समजावलं, की माणसाच्या मेंदूतही एक राखणदार असतो. एकदा जबर भ्याला, की चोर गेला तरी तो शिटी वाजवतच राहतो. त्याला शब्द कळत नाहीत. हातापायांनी, श्वासाने, ठेक्याने पुन्हा पुन्हा दाखवावं लागतं, की आता इथे कोणी नाही.

आणि दाखवायचं म्हणजे काम. तनूला रगडा फिरवायला बसवलं, त्यातला जड दगडी गुंडा जोर लावून, एका लयीत. फणसाला झोपाळा बांधला. सरिताने तिच्याबरोबर फुगड्या घालायच्या, पण आधी हळू, आणि थांबायचं कधी ते तनूने सांगायचं. एकदा सरिताला ताप होता, तर माझी नेमणूक झाली. माझं पोट एकीकडे, मी दुसरीकडे. चौथ्या गिरकीला मी तुळशीपाशी आडवा झालो. तनू वाकून मला विचारत होती, "काका, पाय खंय आसत?" मालिनीबाय त्या दिवशी पहिल्यांदा खळखळून हसल्या.

पण आमची खरी चूक त्यांना नंतर कळली. एका सकाळी त्या लवकरच्या बसने आल्या, तर आमचा पोदेर, म्हणजे पाववाला, आंतोन सायकल हातात धरून, हॉर्नच्या रबरी फुग्यावर फडकं गुंडाळून, चोरासारखा आमच्या वस्तीतून, वाड्यातून चालला होता. तनू भिते म्हणून आम्हीच त्याला सांगितलं होतं, आवाज करू नकोस. सगळ्या वाड्याने मान्य केलं होतं. पाव आला हे कळायचंच नाही. जनेलाच्या गजांना नाक लावून बसावं लागायचं, नाहीतर मी लुंगी सावरत आंतोनच्या मागे नदीपर्यंत. गणेशाच्या चवथीआधी घुमट वाजवायची तालीमही लोकांनी दुसऱ्या वाड्यावर नेली होती. कुणी कुरकुर केली नव्हती. याचा मला अभिमान होता आणि तो मी मालिनीबायना ऐकवला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "लोक देवासारके तुमचे. पूण तुमी वाडो बंद केलो, कारापूरचो तिठो कसो बंद करतले?"

त्यांनी आंतोनला थांबवलं, फडकं सोडायला लावलं आणि तनूला पायरीवर बोलावलं. हॉर्न तिच्या हातात. दाबायचा की नाही, तिने ठरवायचं. पाय लादीवर, पाठ आईच्या पोटाला टेकलेली. आंतोन उंडे पाव गार होत असताना उभा राहिला. पहिल्या दिवशी तिने नुसता हात लावला. पाचव्या दिवशी कोंबडीच्या पिल्लाएवढा आवाज काढला. पंधरवड्यानंतर तनू आंतोनबरोबर चालत वाड्यातल्या प्रत्येक दारात हॉर्न वाजवत होती, आणि लोक गरज नसताना पाव घेत होते. आमच्या घरात त्या महिन्यात सकाळ-संध्याकाळ पाव होता.

पुढे फाटक, मग रस्ता, मग शाळा. दर टप्प्यावर मालिनीबाय तिच्या शेजारी, कधी पुढे नाहीत. वर्षभराने ती बसमधून तिठा ओलांडू लागली. राहिली ती फक्त स्कूटर. तिथे मी पुन्हा अक्कल पाजळली. एका रविवारी मी माझी स्कूटर अंगणात आणून तिला न सांगता सुरू केली, म्हटलं आता काय, बरी झालीच आहे. पोरगी मेजाखाली. सगळं दोन महिने मागे गेलं. मला वाटलं, मालिनीबाय मला फाडून खातील. त्या फक्त म्हणाल्या, "दार तिच्या हातान उगडूंदी, काका. तुमी कडी काडूं नाकात." आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, तांदळाच्या पिशवीपासून. थकवा नाही, वैताग नाही. गुडघे दुखायचे, तरी दोन बसगाड्या, आणि पायरीवर बोटं उचलून टेकवणं चुकलं नाही.

गेल्या वर्षी त्या गेल्या. हृदय, म्हणाले. त्या दिवशी बस बंद होत्या. मी सरिताला सांगितलं, की मी एकटाच स्कूटरने मांद्र्याला जाऊन येतो. तेवढ्यात तनू शाळेचा फ्रॉक घालून बाहेर आली, पायरीवर उभी राहिली आणि पायांची बोटं एकेक करून टेकवू लागली. मला काही बोलायचं होतं, ते मी आयुष्यात प्रथमच बोललो नाही. ती चालत आली आणि मागे बसली. तिचे हात माझ्या पोटाला जेमतेम पुरले.

कारापूरच्या तिठ्यावर आलो आणि समोरून एक टिपर हॉर्न देत वळला. तो निघून गेला. रस्ता मोकळा झाला. मागची गाडी बाजूने पुढे गेली. स्कूटर सुरू होती आणि आम्ही तिथेच. माझ्या पाठीला लागलेली तनूची छाती वर-खाली होत होती, मोजून, सावकाश, जसा रगडा फिरतो तशी. आवाज माझ्या कानाशी आला.

"काका, पाय खंय आसत?"

मी खाली पाहिलं. माझे दोन्ही पाय डांबरावर घट्ट रोवलेले होते.

"रस्त्यावर," मी म्हणालो.

"मग वर घे," तनू म्हणाली, "मालिनीबायक उशीर जाता."