मामांच्या पोटाला लेप

आधी हातातला चहा खाली ठेवा. माझी ही फजिती ऐकताना एकाच्या नाकातून चहा आलाय, दुसऱ्याचं पाप मला नको!

आमचे सासरे, म्हणजे मामा, गारगोटीचे. माणूस लाखातला आणि पोट त्याहून मोठं. त्या पोटाचा त्यांना भारी अभिमान. पण त्यांची मूत्रपिंडं थकत चालली होती. मामांना काही झालं तर? मी मनातून पार घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू? रजा टाकली आणि सासरी मुक्काम ठोकला.

रिपोर्ट आले तेव्हा शाहूपुरीतल्या डॉक्टरांकडे गेलो. मामा बाहेरच बसले. "पावणं, तुमी शिकल्यालं. आत जाऊन ऐका, मला सोप्पं करून सांगा."

आता माझ्या खिशात नवा कोरा मोबाईल! डॉक्टर बोलायला लागले आणि तो वाजला. बायकोचा फोन. तो न घेऊन चालतंय होय? एका कानात ती, दुसऱ्या कानात डॉक्टर. माझ्या पदरात पडलं ते एवढंच : "पोटाची चरबी... सूज... उतरवायला पाहिजे."

बाहेर येऊन मी ऐटीत सांगितलं, "मामा, पोटाला सूज आलीया. उतरवायची."

"मग लेप लावूया की!" सोबत आलेल्या मामी म्हणाल्या.

आंबेहळद उगाळली. रोज संध्याकाळी मामा दारालगतच्या सोप्यात उघडे बसायचे आणि मी माझ्या हातानं ते पोट लिंपायचो, भिंत सारवावी तसं! शेजारीण ताक मागायला आली, बघून गेली. झालं! मामांना हळद लागली, असं गावभर उठलं. मामांची बहीण, कबनूरच्या आत्या, रिक्षातून उतरल्या त्या रडतच.

"दादा, वैनी जित्ती असताना दुसरं लगीन? लाज न्हाय वाटत?"

"अगं, सूज हाय ही!"

"सूज कशाला म्हणतोस, मस्ती म्हण की!"

पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर मामांनी शर्ट वर केला. डॉक्टर खुर्चीतून उठलेच.

"कावीळ कधी झाली?"

"कावीळ न्हवं, हळद हाय. जावयानं लावलीया."

डॉक्टर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मग मला समोर बसवलं. "अहो, पोटातली चरबी नुसती पडून नसते. ती रक्तात सूज वाढवणारी द्रव्यं सोडते. धडधाकट मूत्रपिंडं ती बाहेर टाकतात. ह्यांची थकलीत, म्हणून ती साचतात. मग अंगात आतल्या आत सूज राहते आणि मूत्रपिंडं आणखी थकतात. उतरवायची ती चरबी! खाणं आवरा, रोज चाला. लेप कसला लावताय?"

मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. मामाच उसळले. "डॉक्टर, आमच्या पावण्यास्नी बोलायचं काम न्हाय. ह्या पोटाला समद्यांनी नावं ठेवली, मायेनं हात फिरवला तो ह्यांनीच!"

ऐकून मला भरून आलं हो. सासरा मिळावा तर असा!

डॉक्टरांची नजर मात्र माझ्या पोटावर गेली. "तुमचंही काही कमी नाही. जोडीनं चाला."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मामांनी मला उठवलं. पायात बूट, हातात वाटी.

"चालायला जायचं ना, मामा?"

"जाऊ की. आदी शर्ट काढा. उरल्याली हळद वाया घालवायची न्हाय."

मामी, आत्या आणि ती ताकवाली शेजारीण, सगळ्या जणी दारातून बघत होत्या. लग्नात माझी उष्टी हळद मामांच्या लेकीला लागली होती. पण सासऱ्याची उष्टी हळद पोटाला लागलेला जावई उभ्या पंचक्रोशीत मी एकटाच!