जिभेची डावी कड

आमच्या उस्तानी शिकवताना हातात पुस्तक कमी आणि आरसा जास्त धरायच्या. उल्हासनगरच्या बाजारातून आणलेला, हिरव्या प्लास्टिकच्या चौकटीचा. तो आमच्या तोंडासमोर धरून म्हणायच्या, "बघ, जीभ कशी पडलीय. डबक्यातली म्हैस नुसती." अंबरनाथच्या आमच्या चाळीत टोकाच्या खोलीत शाळा सुटल्यावर आम्ही आठ-दहा मुली त्यांच्याकडे कुराण वाचायला बसायचो. त्यांचं माहेर महाडकडचं. अरबी सोडली तर बाकी सगळं कोकणी वळणाच्या मराठीत.

प्रत्येक अक्षराला आपलं घर असतं, असं त्या सांगायच्या. कुणाचं घशात, कुणाचं टाळूला, कुणाचं ओठांवर. "त्याच्या घरातनं त्याला बोलव. शेजाऱ्याची कडी वाजवून तो कसा येईल?" सगळ्यात अवघड अक्षर ज़्वाद. जिभेची कड, शक्यतो डावी, वरच्या दाढांना टेकवून ते काढायचं. नमाजात दर वेळी म्हणतात त्या फातेहाच्या, म्हणजे कुराणातल्या पहिल्या अध्यायाच्या, शेवटच्या शब्दात ते येतं: ज़ाल्लीन, म्हणजे वाट चुकलेले. त्यांच्या वाटेनं आम्हाला नेऊ नकोस, अशी ती प्रार्थना. जीभ आळसावून नुसता 'द' निघाला, तर त्याच शब्दाचा अर्थ होतो वाट दाखवणारे. "मग काय मागितलंस अल्लाकडं? वाट दाखवणाऱ्यांपासून लांब ठेव म्हणून?" त्यानंतर ठरलेला एक शब्द, "पुन्हा." मैत्रिणीची दया येऊन कुणी तिच्या चुकीला "बरोबर" म्हटलं, तर उस्तानी दोघींनाही बसवून ठेवायच्या.

आमच्या घरात हिंदी. मराठी शाळेत मी 'पानी' म्हटलं की वर्ग हसायचा. एकदा रडत आले तर उस्तानी म्हणाल्या, "मी शाळेत गेले नाय. पण तुझा ण कुठं राहतो ते शोधूया." आरशासमोर त्यांनी स्वतःची जीभ वळवून पाहिली, मग माझी वळवायला लावली. ण आणि ळ मला त्या खोलीत सापडले. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, आणि विषय घेतला मराठी.

त्यांना मशेरीचं व्यसन होतं. वाचायला बसण्याआधी सात चुळा भरायच्या, पण मशेरी सुटली नाही. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना त्यांच्या जिभेवर फोड आला आणि बरा होईना. मूलबाळ नव्हतं, म्हणून मुंबईच्या हॉस्पिटलात कागद वाचायला मी सोबत जायची. कॅन्सर आहे, जीभ थोडी कापावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. उस्तानींनी एवढंच विचारलं, कुठली बाजू? डावी कड, डॉक्टर म्हणाले.

बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी जिभेची डावी कड दाढेला टेकवून पाहिली. मग म्हणाल्या, "ज़्वाद गेला." थोड्या वेळानं पुन्हा, "उजव्या कडेनं पण निघतो. कठीण असतो, पण निघतो."

ऑपरेशननंतर जखम भरली तशी त्यांनी आरसा मागवला. आता तो मी धरायचा. शिवलेली जीभ दाढेपर्यंत पोचायची नाही. ज़ाल्लीन म्हणताना लाळ गळायची, आणि निघायचा तो ओला, बोथट 'द'. प्रत्येक वेळी त्या माझ्याकडे बघायच्या. मी म्हणायची, "नाही उस्तानी. पुन्हा." त्यांनीच तसं शिकवलं होतं. दोन महिने असं चाललं. मग मानेवर गाठ आली, आणि आता काही करता येणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. त्या दुपारी उस्तानींनी तो शब्द म्हटला आणि मी म्हणाले, "बरोबर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा कान त्यांनीच तयार केला होता. त्यांनी आरसा माझ्या हातातून घेतला आणि पालथा ठेवला. त्यानंतर माझ्यासमोर त्या कधीच मोठ्यानं बोलल्या नाहीत. नमाजात फक्त ओठ हलायचे.

माझा निकाल लागला तेव्हा त्या नव्हत्या. आता मी बदलापूरच्या एका शाळेत मराठी शिकवते. टेबलाच्या खणात तो हिरवा आरसा आहे. एखाद्या मुलीचा ळ अडला की काढते, आणि "पुन्हा" म्हणते. उस्तानींच्या तोंडून ऐकलेला तो शेवटचा शब्द मात्र मी मनातही दुरुस्त करत नाही. 'द' तो 'द'च. त्याचा अर्थ त्यांनीच शिकवला होता: वाट दाखवणारे.