समुद्राच्या चिखलातलं औषध

बायांनो, मी सांगायले, सून लिहायली. मानवत गावच्या डॉक्टरनं आज पुन्हा गोळ्या बदलल्या. पायाची जखम कुठल्याच औषधाला ऐकंना. लय थकले आता.

घरी येऊन टेकले, तर गोव्याहून नातीचा व्हिडिओ फोन. ती तिथल्या प्रयोगशाळेत समुद्राच्या तळच्या चिखलातले जंतू वाढवती. आज खुशीत काचेची बशी दाखवली. "आजी, ह्या जंतूच्या रसानं तुझ्या जखमेतल्यासारखे जंतू मेले बघ!"

"मग दे की पाठवून."

"औषध व्हायला लय वर्षं लागतील गं. झालं तर."

"म्हणजे माझ्या पायाला न्हाई."

पोरीनं बशी खाली ठेवली. मग मीच म्हणलं, "वाढव बाई तुझे जंतू. माझे बिनपगारी वाढायलेत."

हसली, पण डोळे पुसले.

तिच्या एवढ्या आनंदाच्या दिवशी मी पायाचं काढायला नको होतं का? तुमीच सांगा.