निळ्या ड्रमातलं विरजण

अनसूया गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यावरच चिडून बसले होते. कॉलेजला जाताना परसातल्या निळ्या ड्रमचं झाकण तिनं नीट लावलं नव्हतं आणि घरभर कुजक्या केळीचा वास सुटला होता. आली की चांगली खडसावते, असं ठरवलं होतं मी. ती आलीच नाही. वर्गात शिकवता शिकवता कोसळली... दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

ती माझी धाकटी जाऊ. आमचं घर सोलापुरातल्या विणकरांचं, नवरा आणि दीर टॉवेलचा धंदा बघतात. त्या घरात ही सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी आली. केळीचा घड उतरवला की बुंधा बांधावर फेकून देतात, त्यातून धागा काढायचं वेड हिनं घेतलं. धाग्यांना चिकटलेला डिंक सोडवायला कॉस्टिक सोडा वापरतात आणि ते पाणी जातं नाल्यात. ही म्हणायची, तो डिंक खाणारे जंतू आहेत, त्यांनाच जेवू घालू की! जेऊरकडच्या कुजलेल्या बुंध्यांवरून तिनं ते आणले, निवडले, ड्रममध्ये वाढवले. दर खेपेचं थोडं पाणी मागं ठेवून पुढच्या खेपेला घालायचं, आपण विरजण ठेवतो तसं. कित्येक वर्षं तिनं ते जगवलं. मी मात्र पाहुण्यांसमोर 'आमच्या जाऊबाईंचं गटार' म्हणून हसायची. तीही हसायची. कधी उलटून बोलली नाही, हेच आता मनाला जास्त लागतं.

सुतक फिटलं त्या दिवशी रीतीप्रमाणे घर धुतलं, साठवणीचं पाणी ओतून दिलं. माठ, घागरी... आणि तो ड्रमही. कामवाल्या बाईंनी विचारलं होतं, हे पण ओतायचं का? मी हो म्हणाले. रीतच तशी आहे, असं स्वतःला समजावते खरी, पण वास गेला म्हणून त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. त्याची लाज मला जन्मभर पुरेल.

पुढं काही दिवसांनी जेऊरच्या कमलबाई आल्या, हातात रिकामा कॅन घेऊन. त्यांच्या गावातल्या बायकांना अनसूया हे काम लावून देणार होती. शेड उभी राहिली होती, ड्रम आणून ठेवले होते, विरजण तेवढं न्यायचं होतं. ते मी ओतून टाकलं, असं मी सांगितलं. बाईंनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. त्या नुसत्या कॅनच्या झाकणाशी चाळा करत बसल्या.

"जाऊ द्या," शेवटी म्हणाल्या. "जंतू आमच्या बुंद्यावरच हायती की, परत लावू. पर धागा कवा काढायचा ते ताईंना हात घातला की कळायचं. तुमाला सांगितलं आसंल की त्यांनी."

एकाच अंगणात राहिलो आम्ही. सांगायला ती तयारच होती. "अक्का, एकदा हात घालून बघा ना," म्हणून कितीदा हाक मारली असेल तिनं... मी नाकाला पदर लावून आत निघून जायची.

कमलबाईंनी पाठवलेला बुंधा आता ड्रममध्ये भिजतोय. रोज सकाळी मी कोपरापर्यंत हात घालते. बुळबुळीत लागतं. झालंय की अजून व्हायचंय, काही कळत नाही, आणि विचारायला घरात कुणी नाही.